चौकटची राणी आणि अडलेला अर्थ

न्यूयॉर्कमधल्या एका मद्यगृहात काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकांना किस्सा सांगण्यात रंगला आहे. वेळ जात नसेल तर पत्त्यांचा पेशन्सचा डाव मांडून बस, असे आपण कोणाला तरी सुचवले होते, असे तो किश्शाच्या ओघात सांगतो. काउंटरशी बसलेला एक तरुण हे ऐकतो, पत्ते मागून घेतो आणि डाव मांडतो. चौकटची राणी वर येते. एव्हाना किस्सा पुढे सरकलेला असतो. आता त्यात कोणी कोणाला वैतागून, जा, सेंट्रल पार्कमधल्या तळ्यात उडी घे, असे म्हटलेले असते. तरुण उठतो, टॅक्सी करतो, सेंट्रल पार्कमध्ये जातो आणि खरोखरच तळ्यात उडी घेतो.

जॉन फ्रँकेनहायमर दिग्दर्शित ‘द मँचुरियन कँडिडेट’ (१९६२) या कृष्णधवल चित्रपटातला हा प्रसंग पाहताना प्रेक्षक प्रथम हसतो. हसू ओसरल्यावर जी अस्वस्थता उरते, ती चित्रपटातल्या कोणत्याही हत्येने निर्माण केलेल्या अस्वस्थतेहून अधिक खोल असते. रिचर्ड काँडनच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून जॉर्ज ॲक्सेलरॉडने या चित्रपटाची पटकथा लिहिली. राजकीय हत्येच्या कटाचा थरारपट म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचे नाव पुढे इंग्रजी राजकीय परिभाषेत परकीयांच्या हातातले बाहुले या अर्थी रूढही झाले. परंतु तळ्यातल्या उडीचा हा प्रसंग ध्यानात घेतला, तर या चित्रपटाचा खरा विषय बंदूक नसून वाक्य आहे, असे म्हणावे लागते. वाक्य ऐकणारा माणूस त्याचे काय करतो, या प्रश्नावर या कटाची सारी उभारणी झालेली आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या. अभिधेने मुख्यार्थ कळतो. मुख्यार्थ जुळेनासा झाला की लक्षणा प्रवृत्त होते. आणि या दोहोंपलीकडचे जे सूचित होते, ते व्यंजनेचे क्षेत्र. यांपैकी लक्षणेची मम्मटाने सांगितलेली पहिली अट महत्त्वाची आहे. ती म्हणजे मुख्यार्थबाध. नदीच्या प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते, शब्दाचा सरळ अर्थ अडतो, आणि तो अडल्यामुळेच ‘काठ’ हा अर्थ हाती लागतो. म्हणजे अर्थ अडणे हा आकलनातला दोष नव्हे. ते आकलनाचे दार आहे. मराठीत कोणी रागाने ‘खड्ड्यात जा’ म्हटले, तर ऐकणारा खड्डा शोधू लागत नाही. त्याच्या मनात बाध उत्पन्न होतो. बोलणारा कोण, प्रसंग कोणता, राग किती खरा, याचा हिशेब तो क्षणार्धात करतो आणि मग एक तर हसतो किंवा दुखावतो.

तळ्यात उडी घेणाऱ्या रेमंड शॉच्या ठायी हा बाधच नष्ट करण्यात आला आहे. त्याच्यापाशी केवळ अभिधा उरली आहे. कोरियाच्या युद्धात १९५२ साली त्याची तुकडी दगाफटक्याने पकडली जाते, मांचुरियात नेली जाते आणि तिथे तिच्यावर मनःशोधनाचे प्रयोग होतात. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द एडवर्ड हंटर या पत्रकाराने १९५० साली इंग्रजी वाचकांसमोर आणला होता. युद्धसमाप्तीनंतर २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला, तेव्हा या शब्दाला भयाची धार आली. ‘मेंदू धुणे’ या प्रतिमेत अर्थातच सगळे पुसून टाकण्याची कल्पना आहे. चित्रपटातला डॉक्टर येन लो मात्र काहीच पुसत नाही. रेमंडची बुद्धी, त्याचा तुसडेपणा, आईविषयीचा त्याचा द्वेष हे सगळे तो जसेच्या तसे राहू देतो. तो काढून घेतो ते फक्त ऐकणे आणि करणे यांमधले अंतर. आपल्याकडे ‘अंगात येणे’ म्हणतात, त्या अवस्थेत निदान भोवतालच्यांना ठाऊक असते, की आता बोलणारा दुसरा कोणी आहे. रेमंडच्या बाबतीत ते कोणालाच ठाऊक नाही. खुद्द रेमंडलाही नाही.

या प्रयोगाचे प्रात्यक्षिक हा चित्रपटातला सर्वांत गाजलेला भाग. पकडलेल्या सैनिकांना असे भासवण्यात आले आहे, की ते न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात महिलांच्या उद्यानमंडळाच्या बैठकीला बसले आहेत. हायड्रेंजिया या फुलझाडावर एका प्रौढ बाईंचे व्याख्यान चालू आहे. कॅमेरा टोप्या घातलेल्या श्रोत्या बायकांवरून सावकाश फिरत पूर्ण वर्तुळ करतो, आणि मूळ जागी परततो तेव्हा तिथे व्याख्यानगृह असते, मागे स्टालिन आणि माओ यांच्या तसबिरी असतात, आणि बोलत असतो येन लो. पुढे बाईंच्या तोंडी डॉक्टरची वाक्ये येतात. उद्यानमंडळाच्या त्या सभ्य, कंटाळवाण्या वातावरणातच रेमंड आज्ञेबरहुकूम आपल्या एका सहकाऱ्याचा गळा आवळतो. हेच दुःस्वप्न कृष्णवर्णीय कॉर्पोरल मेल्व्हिनला पडते, तेव्हा त्याच्या स्वप्नातल्या बायका कृष्णवर्णीय असतात. चित्रपट यावर काहीही भाष्य करत नाही. भ्रमसुद्धा प्रत्येकाला त्याच्या ओळखीच्या जगातूनच पुरवला जातो, एवढे तो दाखवतो आणि पुढे जातो.

तुकडी परतते ती एक वाक्य घेऊन. रेमंडविषयी विचारताच प्रत्येक सैनिक त्याच शब्दांत सांगतो, की आपण आयुष्यात पाहिलेला हा सर्वांत दयाळू, शूर, प्रेमळ, अद्भुत माणूस. या साक्षींच्या बळावर त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळते. मेजर बेनेट मार्को (फ्रँक सिनात्रा) हाही हेच वाक्य बोलतो. परंतु बोलता बोलता तो अडखळतो, कारण त्याला पक्के ठाऊक आहे, की रेमंडवर प्रेम करणे कोणालाच शक्य नाही. वाक्य आणि अनुभव यांचा मेळ बसत नाही. नेमका इथे मुख्यार्थबाध उत्पन्न होतो. मार्कोची दुःस्वप्ने, त्याचे थरथरते हात, त्याला सक्तीने घ्यावी लागलेली रजा ही सर्व या बाधाची लक्षणे आहेत. वरिष्ठांना तो आजार वाटतो. वस्तुतः संपूर्ण तुकडीत आरोग्याची चिन्हे असलीच, तर ती झोप उडालेल्या या दोघांतच आहेत. ज्यांच्या घशात ते वाक्य कुठेच अडकले नाही, ते सुखाने झोपतात.

मार्को आणि रोझी (जॅनेट ली) यांच्या रेल्वेतल्या भेटीचा प्रसंग अनेक समीक्षकांना कोड्यात टाकतो. पहिल्याच भेटीत रोझी काहीतरी असंबद्ध बोलते. हा लोहमार्ग टाकणाऱ्या मूळच्या चिनी कामगारांपैकी आपण एक, असेही सांगून टाकते. ही बाईसुद्धा कटातलीच असावी, असा तर्क त्यावरून लढवला गेला आहे. परंतु वरील विवेचनाच्या प्रकाशात त्या संभाषणाचे कार्य निराळे दिसते. रोझीचे वाक्य इतके उघड खोटे आहे, की अभिधा त्याच्यापाशी थांबूच शकत नाही. ऐकणाऱ्याला अर्थाच्या शोधात निघावेच लागते. वाक्याला उत्तर देता येते, त्याच्याशी खेळता येते, ते नाकारताही येते, ही आठवण मार्कोला या विचित्र गप्पांतून मिळते. आज्ञेच्या भाषेने जखडलेल्या माणसावरचा हा पहिला उपचार आहे.

मिखाईल बाख्तिन याने कादंबरीतील भाषेविषयीच्या निबंधात (१९३४–३५) अधिकारवाणी आणि अंतर्यामी पटणारी वाणी असा भेद केला होता. परक्याचा शब्द आत्मसात करण्याचे शाळेतले दोन मार्ग त्याने या संदर्भात सांगितले: पाठ म्हणून दाखवणे आणि स्वतःच्या शब्दांत सांगणे. अधिकारवाणी पाठांतराचीच मागणी करते. तिच्यात फेरफार चालत नाही. लुई आल्थ्युसरने १९७० साली विचारप्रणाली व्यक्तीला ‘हाक मारते’ अशी मांडणी केली. हाकेला वळून पाहणारा माणूस वळता क्षणीच त्या व्यवस्थेचा घटक होतो. या दोन्ही मांडण्या रेमंडला लागू पडतात, हे उघड आहे. तरी भारतीय शब्दशक्तिविचाराने इथे एक अधिकचा मुद्दा हाती येतो. पाठ करणारा किंवा हाकेला वळणारा माणूस सुटतो कसा, याचे उत्तर त्यात आहे. तो बाहेरून आलेल्या सत्यामुळे सुटत नाही. त्याच वाक्याचा अर्थ त्याच्यापाशी अडतो, म्हणून सुटतो.

चित्रपटाचा दुसरा पदर सिनेटर जॉन आयसलिन या रेमंडच्या सावत्र बापाचा. हे जोसेफ मॅकार्थीचे व्यंगचित्र आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. मॅकार्थीने फेब्रुवारी १९५० मध्ये व्हीलिंग इथल्या भाषणात परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हाती असल्याचे म्हटले. पुढे तो आकडा ५७ झाला आणि सिनेटमध्ये ८१. आयसलिनचे आकडेही असेच बदलत राहतात. लक्षात ठेवायला सोपा असा एकच आकडा मला द्या, म्हणून तो बायकोपाशी गाऱ्हाणे करतो, आणि मग जेवणाच्या टेबलावरच्या केचपच्या बाटलीवरून ५७ हा आकडा उचलला जातो. विनोद उत्तम आहे. पण त्याआधी मिसेस आयसलिनने (अँजेला लान्सबरी) नवऱ्याला जे समजावलेले असते, ते विनोदापलीकडचे आहे. संरक्षण खात्यात कम्युनिस्ट आहेत का, असे आता कोणी विचारत नाही, ते किती आहेत एवढेच विचारतात, हे ती त्याच्या ध्यानात आणून देते. आकडा ही अभिधेची सर्वांत निर्विकार अवस्था. ‘किती’ हा प्रश्न रूढ झाला, की ‘आहेत का’ हा बाध निर्माण करणारा प्रश्न आपोआप मागे पडतो. रेमंडला एक पत्ता लागतो. राष्ट्राला एक आकडा पुरतो.

संरक्षणमंत्र्यांच्या पत्रकार परिषदेचे चित्रण याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आयसलिन सभागृहात ओरडतो आहे आणि त्याच चौकटीत, पुढच्या बाजूला, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्याची प्रतिमा ओरडते आहे. त्याची बायको पाहते ती प्रतिमेकडे. फ्रँकेनहायमरची घडण दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपित नाटकांत झाली होती. त्या माध्यमाची ताकद त्याने आतून अनुभवलेली होती. मराठीत पत्त्याच्या रंगालाही ‘चौकट’ म्हणतात, हा केवळ भाषेचा योगायोग. पण या चित्रपटासंबंधी तो मोठा बोलका ठरतो. राणी जशी चौकटची, तसाच आयसलिनही चौकटीतलाच.

रेमंडची आई हीच अमेरिकेतली सूत्रधार, हे उघड होते तेव्हा कटाचे पूर्ण स्वरूप कळते. (लान्सबरी आणि रेमंड झालेला लॉरेन्स हार्वे यांच्या वयात प्रत्यक्षात केवळ तीन वर्षांचे अंतर होते, हे खरे वाटू नये इतका तिचा अभिनय समर्थ आहे.) मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्याचे भाषण चालू असताना रेमंडने गोळी घालायची, उपाध्यक्षपदाचा उमेदवार आयसलिन याने तो देह उचलून धरायचा आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून भाषण करायचे. हे भाषण आठ वर्षांहून अधिक काळ इथे आणि रशियात घडवले जात होते, असे ती सांगते. म्हणजे हत्या हे साध्य नाही. ती एका भाषणाची प्रस्तावना आहे. प्रेत समोर असताना ऐकलेल्या शब्दांचा अर्थ कोणापाशीच अडत नाही, हे या कटामागचे तत्त्व आहे. देशाचा देशच त्या क्षणी रेमंड होऊन जावा, अशी ही योजना.

या कथेत चौकटच्या राणीला एकदाच निराळा अर्थ लाभतो. आयसलिनच्या घरच्या वेषांतराच्या मेजवानीत रेमंडची दुरावलेली प्रेयसी जोसलिन नेमका त्याच पत्त्याचा वेष करून येते. आज्ञेच्या चिन्हाला चेहरा मिळतो, आणि काही तासांपुरता का होईना, रेमंड कोणाच्या आज्ञेशिवाय सुखी होतो. दोघे लग्न करतात. लवकरच त्याला जोसलिनच्या वडिलांना, सिनेटर जॉर्डन यांना, ठार मारण्याचा हुकूम मिळतो. रात्री फ्रिजपाशी उभ्या असलेल्या जॉर्डन यांच्या हातातल्या दुधाच्या डब्यातून गोळी आरपार जाते आणि दुधाची धार लागते. धावत आलेल्या जोसलिनलाही तो तितक्याच शांतपणे गोळी घालतो. कृष्णधवल चित्रणात रक्त काळे दिसले असते. इथे ते पांढरे आहे. व्यंजना म्हणतात ती हीच. ज्याच्यासमोर ती घडते, त्या रेमंडला मात्र तिचा स्पर्शही होत नाही.

मार्को रेमंडला सोडवतो तो प्रसंग या विवेचनाच्या कसोटीचा. तो बावन्नही पत्ते चौकटच्या राणीचे असलेला जोड आणतो आणि एकामागून एक राणी त्याच्यासमोर टाकत जातो. चिन्हाचा प्रभाव त्याच्या एकमेवपणावर असतो. तेच चिन्ह बावन्न वेळा आले, की ते कागदाचा तुकडा होऊन जाते. पण त्यानंतर मार्को त्याला सांगतो, की आता हे सगळे संपले, तारा तुटल्या. ही मुक्ती आहे, की आणखी एक आज्ञा? चित्रपट याचे उत्तर देत नाही आणि त्याने ते देऊही नये. याच प्रसंगात सिनात्राचा चेहरा काही काळ धूसर दिसतो. रेमंडच्या विस्कटलेल्या दृष्टीतून मार्को दाखवण्याची ही योजना आहे, अशी प्रशंसा तेव्हा झाली. प्रत्यक्षात तो तांत्रिक अपघात होता. सिनात्राचा उत्तम अभिनय पहिल्याच चित्रणात उतरला होता आणि नेमके त्यातच भिंगाचे केंद्रीकरण चुकले होते. पुन्हा केलेल्या चित्रणांत ती उत्कटता आली नाही, म्हणून दिग्दर्शकाने धूसर चित्रणच ठेवले. समीक्षकांना यात खजील होण्याचे कारण नाही. धूसर प्रतिमेपाशी त्यांचा मुख्यार्थ अडला आणि ते अर्थाच्या शोधात निघाले. कर्त्याचा हेतू नसतानाही अर्थ संभवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

मात्र या चित्रपटाचे स्वतःचेही एक पाठ केलेले वाक्य आहे, आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. गूढ स्मित करणारा क्रूर आशियाई विद्वान आणि आर्जवी बोलणारा दगाबाज कोरियन नोकर या दोन्ही व्यक्तिरेखा पाश्चात्त्य लोकप्रिय वाङ्मयाच्या जुन्या साच्यातून आलेल्या आहेत. त्यांतला नोकर चुनजिन हेन्री सिल्व्हा या अमेरिकी नटाने रंगवला. विचारप्रणालीची यंत्रणा इतक्या तीक्ष्णपणे उघडी पाडणारा हा चित्रपट पूर्वेकडे पाहताना अभिधेपाशीच थांबतो. शिवाय भय वाटत होते ते परकीयांचे; पण मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग अमेरिकेच्या गुप्तहेर यंत्रणेनेच १९५३ पासून ‘एमके-अल्ट्रा’ या नावाने चालवले होते, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. उद्यानमंडळाची ती सभा खरोखरच न्यू जर्सीत भरत असावी, अशी शंका यायला तेव्हापासून जागा झाली.

चित्रपटाच्या इतिहासाविषयीही असेच एक वाक्य दीर्घकाळ पाठ म्हटले गेले. तो २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्यूबाच्या नाविक नाकेबंदीला सुरुवात झाली त्याच दिवशी, प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली आणि व्यथित सिनात्राने चित्रपट मागे घेतला, अशी ती कथा. वास्तविक १९६५ मध्ये तो अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला होता. पुढे बराच काळ तो सहजी पाहायला मिळेनासा झाला आणि १९८८ मध्ये चित्रपटगृहांत परतला. तरी शोकाची ती कथा टिकून राहिली, कारण ती सुंदर होती आणि कोणापाशीच अडत नव्हती.

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या चित्रपटाकडे वळावे, ते यासाठी. गौरवग्रंथांतले लेख असोत, परीक्षेतली उत्तरे असोत की परिसंवादातली बीजभाषणे, लेखकाचे नाव उच्चारताच तीच विशेषणे त्याच क्रमाने उमटावीत, हा अनुभव अपरिचित नाही. अशा वाक्यांना खोटे म्हणता येत नाही. रेमंडच्या तुकडीलाही खोटे बोलायचे नव्हते. समीक्षेचे काम अशा वाक्यांच्या जागी अधिक सुंदर वाक्ये ठेवणे हे नव्हे. वाक्य आणि अनुभव यांचा मेळ बसत नाही तिथे थांबणे, अस्वस्थ होणे, झोप उडू देणे हे तिचे काम.

अखेरीस रेमंड धर्मगुरूच्या वेषात, झोतदिव्याच्या कोठडीत बंदूक रोखून बसतो. नेम उमेदवारावर असतो. मग तो सरकतो. पहिली गोळी आयसलिनला लागते आणि दुसरी आईला. मार्को धावत वर पोचतो तेव्हा रेमंडने ते पदक गळ्यात घातलेले असते. त्यांना कोणीच थांबवू शकले नसते, म्हणून मला थांबवावे लागले, अशा आशयाचे काही सांगून तो बंदूक स्वतःकडे वळवतो. हत्येची आज्ञा त्याने अक्षरशः पाळली. फक्त हत्या कोणाची, याचा अर्थ या वेळी त्याने स्वतः लावला. त्याच्या आयुष्यातली ही पहिली आणि शेवटची लक्षणा. तिची किंमत भयंकर आहे, आणि चित्रपट तिला विजय म्हणत नाही.

शेवटच्या दृश्यात बाहेर पाऊस आहे. मार्को खिडकीपाशी उभा राहून पुस्तकातून शौर्यपदकांची जुनी गौरवपत्रे मोठ्याने वाचतो. मग तो पुस्तक बाजूला ठेवतो आणि रेमंडसाठी एक गौरवपत्र स्वतःच रचू लागतो. आरंभीचे वाक्य सफाईदार होते, विशेषणांनी भरलेले होते आणि खोटे होते. हे वाक्य शोधत शोधत, अडखळत पुढे जाते. त्यात दयाळू, प्रेमळ, अद्भुत असे काही नाही. एका माणसाने काय केले आणि त्यासाठी काय गमावले, एवढेच आहे. शेवटाकडे येताच मार्कोच्या तोंडून केवळ एक शिवी निघते, दोनदा. वाक्य अडते, आणि चित्रपट तिथेच संपतो.